शिवलीलेची दुसरी आग

दुपारची गोळी घेतली की शिवलीला हाक मारी, “वैनी, कडी घाला.” मग अक्काताई हातातलं काम टाकून येई, खोलीचं दार ओढून घेई आणि बाहेरून कडी घाली. तो खट्ट आवाज कानावर पडला की शिवलीलेचे डोळे मिटत. लोकांना झोपायला उशी लागते, हिला कडी लागायची.

पहिल्या आठवड्यात अक्काताई चांगलीच बिचकली होती. “वन्सं, मानसाला असं कोंडत्यात व्हय? लोक काय म्हनतील?” पण तिची ही नणंद नऊ वर्षं उंच भिंतीच्या दवाखान्यात राहून आलेली. तिथं कडी घालणं हे दुसऱ्याचं काम होतं. ती पडली की रात्रभर आपल्या हातून काही होणार नाही, ही काळजीही दुसऱ्याचीच. भावाच्या घरी उघड्या दाराच्या खोलीत झोपायची वेळ आली तेव्हा शिवलीलेला दरदरून घाम फुटला. झोपेत उठून आपण कुठं गेलो तर? काही केलं तर? चार दिवस ती टक्क जागी राहिली, आणि जागरण तर तिच्या दुखण्याला सगळ्यात वाईट. शेवटी अक्काताईनं बसवण्णाचं नाव घेऊन कडी घातली. पुढं पुढं इतकी सवय झाली की पिठाचे हात असले तर ती कोपरानंच कडी सरकवून जाई.

झोप मात्र छान लागे. उसाचा हंगाम होता. गावाभोवती गुऱ्हाळं पेटली होती आणि उकळत्या रसाचा गोड, जड वास खिडकीच्या गजांतून आत येऊन अंथरुणावर बसे. त्या वासाबरोबर तिच्या झोपेत सासू येई. सासूला जाऊन दहा वर्षं होत आली होती, पण झोपेत ती भुईमुगाच्या शेंगा फोडत बसलेली असे आणि अगदी घरगुती बोले. आमटीत मीठ जास्त झालं का, धुणं वाळलं का, नातीची, रक्षिताची, वेणी कोण घालतंय. रागाचा एक शब्द नाही. शिवलीला तिच्या शेजारी बसून शेंगा फोडू लागे, आणि कितीही फोडल्या तरी सूप भरत नसे. मग ऊन खिडकीतून पायांवर उतरे आणि ती जागी होई.

जागी झाल्यावर पहिलं काम ठरलेलं. दोन्ही तळहात नाकाशी नेऊन वास घ्यायचा. मग तळपाय बघायचे, माती लागलीय का. वास नाही, माती नाही, म्हणजे आजची दुपार सरळ गेली. मग ती हाक मारी, “वैनी, उठलो,” आणि कडी निघे.

काय घडलं होतं ते सांगून टाकलेलं बरं, उगाच ताणण्यात अर्थ नाही. शिवलीलेचं सासर पेठ वडगावचं, घरचं गुऱ्हाळ. चौऱ्याण्णव सालच्या हंगामात तिला मुलगा झाला आणि बाराव्या दिवशी गेला. त्यानंतर तिला झोपच येईना. वीस रात्री ती नुसती आढ्याकडे बघत होती, आणि घरातले म्हणत होते, होईल हळूहळू. एकविसाव्या दिवशी तिला चिपाडाच्या ढिगातून बाळ रडताना ऐकू आलं. चिपाड म्हणजे रस काढल्यावर उरलेला उसाचा वाळका चोथा, गुळाच्या काहिलीखाली जाळायला तोच असतो. बाळ गारठलंय, त्याला ऊब द्यायला पाहिजे, एवढंच तिच्या डोक्यात होतं. तिनं काडी ओढली. ढिगामागच्या सावलीत सासू जरा आडवी झाली होती. ती आठव्या दिवशी गेली.

बाईला आपण काय करतोय ते कळत नव्हतं, असं कोर्टानं ठरवलं आणि तिला तुरुंगाऐवजी दवाखान्यात धाडलं. शिवलीलेला यातलं बाळाचं रडणं तेवढं आठवतं. काडी आठवत नाही, जाळ आठवत नाही. ते सगळं तिला लोकांनी सांगितलं. आधी पोलिसांनी ओरडून, मग वकिलानं घाईघाईत, मग डॉक्टरीणबाईंनी वर्षभर, हळूहळू. “तुम्हाला आठवत नसलं तरी ते तुमच्याच हातून घडलंय,” हे वाक्य तिनं इतक्यांदा ऐकलं की शेवटी तिला ते पटलं. पटलं त्या दिवसापासून ती बरी व्हायला लागली, असं बाई म्हणत.

बरी होऊन पाच वर्षं झाली तरी तिला न्यायला कुणी आलं नाही. पुरुषांच्या बाजूला सारखी ये-जा असे. बाप येत, भाऊ येत, बायका डबे घेऊन येत, माणूस जरा सुधारला की गाडीत घालून नेत, आणि सहा महिन्यांनी तोच पुन्हा दोरखंडानं बांधून आणत. बायकांच्या बाजूला आलेली बाई जातच नसे. तिच्या शेजारच्या खाटेवरची विठाबाई अकरा वर्षं धडधाकट होती आणि दर रविवारी केस विंचरून दाराकडे तोंड करून बसे.

दोन हजार तीनच्या दसऱ्याला सिद्धाप्पा आला. थोरला भाऊ, शेतकरी माणूस, गाव कोल्हापूरच्या दक्षिणेला, जिथं घरात अर्धं कानडी आणि अर्धं मराठी बोलतात आणि बायकाही ‘आलो, गेलो’ म्हणतात. बहिणीची हमी लिहून देण्याआधी त्यानं कागद तीनदा वाचून घेतला. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, “घाबरू नका. इथून गेलेल्यांत पुन्हा गुन्हा करणाऱ्या बायका फार थोड्या असतात. पुरुषांपेक्षा कितीतरी कमी. गोळ्या तेवढ्या चुकवू देऊ नका, आणि झोप.” सिद्धाप्पानं शहाण्यासारखी मान डोलावली आणि घरी येताच काड्यापेटी बायकोच्या कनवटीला लावली. गॅसचा लायटर कपाटात कुलपात गेला. देवापुढचा दिवा अक्काताईनंच लावायचा आणि तो विझेपर्यंत तिथंच बसायचं. एवढा बंदोबस्त करून हा गृहस्थ स्वतः मात्र दिवसाला वीस बिड्या ओढायचा आणि पेटती थोटकं अंगणात, गोठ्यात, गवताच्या गंजीशेजारी, जिथं उभा असेल तिथं टाकायचा. ती थोटकं पायानं विझवायचं काम शिवलीला करी.

गावात तिच्या आधी आणखी एक जण त्याच दवाखान्यातून आला होता. महांतेश, पलीकडच्या गल्लीतला. डोकं बिघडलं होतं तेव्हा त्यानं चुलतभावाच्या खांद्यावर कोयता घातला होता. चार वर्षांनी तो सुटून आला तेव्हा आईनं वेशीवर भाकरतुकडा ओवाळून टाकला आणि पोरांनी जीपवर गुलाल उधळला. सहा महिन्यांत त्यानं गोळ्या बंद केल्या. त्या साली बायकोचा हात पिरगाळून मोडला, पुढच्या साली दूध डेअरीत एकाच्या डोक्यात किटली घातली. गाव म्हणालं, महांतेशचं डोकं जरा गरम हाय. त्याच्याही कागदांवर त्याच दवाखान्याचा शिक्का होता, पण ते कुणाच्या ध्यानात राहिलं नाही. शिवलीला शेवटच्या एसटीनं आली, डोक्यावरून पदर घेऊन, मागच्या बोळातून. तिच्या कागदांवरचा शिक्का मात्र शेंबड्या पोरालाही ठाऊक होता.

हे सगळं ती सोसत होती, कारण फेब्रुवारीत एक पत्र आलं होतं. रक्षिताचं, तिच्या मुलीचं. आग लागली तेव्हा सात वर्षांची होती, आता अकरावीला. बापानं दुसरं लग्न केलेलं, पोर त्याच्याकडेच वडगावला. पत्रात चारच ओळी होत्या. ‘मी एकोणतीस तारखेला रविवारी येणार आहे. पप्पांनी परवानगी दिली आहे. मी तुला ओळखेन की नाही माहीत नाही. तू ओळख.’ शिवलीलेनं ते पत्र उशाखाली ठेवलं आणि बोटांवर दिवस मोजायला लागली. गोळ्यांमुळे दिवस तिच्या हातातून निसटत, आज बुधवार की गुरुवार ते पुनःपुन्हा विचारावं लागे, पण रविवार काही तिनं निसटू दिला नाही.

आणि त्या रविवारच्या आधीच्या गुरुवारी आग लागली.

दुपारी ती नेहमीसारखी झोपली. सासू आली, पण त्या दिवशी तिच्यापुढं सूप नव्हतं. ती चिपाडाच्या ढिगावर बसली होती आणि थंडीनं कुडकुडत होती. “जाळ घाल गं जरा,” ती म्हणाली. शिवलीलेच्या हातात काडी होती. कुठून आली कुणास ठाऊक, झोपेत असं काही विचारायचं नसतं. तिनं ती ओढली. जाळ आवाज न करता वर चढला, पिवळा, मऊ, आणि त्याला धग म्हणून नव्हती. सासूनं हात पुढं करून शेकले आणि समाधानानं डोळे मिटले. शिवलीलेला फार बरं वाटलं.

“वन्सं! उठा, उठा वन्सं!”

अक्काताई तिला गदागदा हलवत होती. दार सताड उघडं होतं. बाहेर माणसं ओरडत पळत होती, लाईट गेलेली, त्यामुळं मोटारी बंद, आणि बाया-बापे घागरी घेऊन ओढ्याकडे धावत होते. शिवलीला उंबऱ्यापाशी आली. सिद्धाप्पाच्या रानाला लागूनच आकारामचं गुऱ्हाळ होतं. त्याचा चिपाडाचा ढीग पेटला होता आणि छपराची एक बाजू धुरात गेली होती. तिनं दोन्ही तळहात नाकाशी नेले. हातांना धुराचा वास येत होता.

त्या दिवशी गावातल्या म्हशींनाही धुराचा वास येत होता. पण हे तिला कोण सांगणार?

तासाभरानं आग आटोक्यात आली. माणसाला, जनावराला काही झालं नाही. ढीग जळाला, अर्धं छप्पर गेलं. दमलेली, काळवंडलेली माणसं सिद्धाप्पाच्या अंगणात पाणी प्यायला थांबली. शेजारची धोंडुबाई तांब्या खाली ठेवून म्हणाली, “आनि पेटलं काय बगा, चिपाडच. दुसरं काय न्हाय. चिपाडच.”

माना एकेक करून दाराकडे वळल्या.

“व्हय,” शिवलीला म्हणाली. “मीच लावली.”

सिद्धाप्पा गोठ्याच्या खांबाला टेकून उभा होता. त्याच्या भुवया जळाल्या होत्या. त्यानं तोंड उघडलं, मिटलं, पुन्हा उघडलं आणि मिटलं. आपल्यापायी भावाला मान खाली घालावी लागली, असं वाटून शिवलीलेला त्याची फार कीव आली.

“अण्णा, रविवारी रक्षिता यायची हाय,” ती म्हणाली. “तिला येऊ देऊ नगा. आत्ताच्या आत्ता फोन करा. मी अशी असताना पोर या घरात झोपाय नको.” कुणी हललं नाही तेव्हा ती ओरडली. एवढा मोठा आवाज तिचा तिलाच अनोळखी वाटला. “पळा की अण्णा! फोन करा म्हनतो न्हवं!”

सिद्धाप्पा गेला. फक्रुद्दीनच्या एसटीडी बूथवरून त्यानं वडगावला फोन लावला. परत आल्यावर तो कुणाकडे न बघता म्हणाला, “सांगितलं. न्हाय येत ती.”

पोर वाचली, असं शिवलीला स्वतःला सांगत राहिली, आणि त्या सांगण्यानं काडीचाही आधार मिळाला नाही.

शुक्रवार धुक्यासारखा गेला. तिनं दोन लुगडी, फणी आणि गोळ्यांचं पाकीट एका धडप्यात बांधलं, तेव्हा सिद्धाप्पा दारात येऊन उभा राहिला आणि तसाच निघून गेला. दवाखान्यातली खाट आठवून बघितली, तिचा पाय जरा लंगडा होता. पत्र बरोबर घ्यावं की ठेवावं, हे काही तिला ठरवता येईना. अक्काताई जेवण घेऊन आली आणि ताट ठेवून तिथंच बसली.

“वन्सं, कडी हुती.”

“निघाली असंल.”

“बाहेरची कडी आतनं कशी निघंल? मी घातली, मीच काढली. तुमी घोरत हुता.”

“वैनी, पैल्या येळी बी मला काय ठाव नव्हतं,” शिवलीला शांतपणे म्हणाली. “मी न्हाय म्हनत हुतो, आनि झालं हुतं ते. आता मी न्हाय म्हननार न्हाय. बाईंनी लई कष्टानं शिकवलंय मला.”

अक्काताई डोळ्यांना पदर लावून उठली. ह्या बाईला सगळं माहीत होतं, पण आपल्याच नवऱ्याचं नाव घ्यायला तिची जीभ रेटेना.

शनिवारी दिवस कलताना बसवण्णाच्या देवळासमोर मंडळी बसली. दवाखान्याला कळवायचं, सोमवारी गाडी करायची आणि तोवर हिच्यावर दोन बायका पहाऱ्याला ठेवायच्या, एवढंच ठरवायचं होतं. शिवलीला बोचकं मांडीवर घेऊन खालच्या पायरीवर बसली होती. तिला सगळं लांबून ऐकू येत होतं, विहिरीच्या तळाशी बसून वरचं बोलणं ऐकावं तसं. आकाराम भला माणूस, त्यानं तिला चहासुद्धा विचारला.

तेवढ्यात खांबाआडून अक्काताई म्हणाली, “मी कडी घातलेली. वन्सं बाहेर गेल्याच न्हाईत.”

मंडळींनी वळून बघितलं. “गडबडीत इसरला असशीला,” आकाराम समजुतीनं म्हणाला. दुसरा म्हणाला, “नणंदेला पाठीशी घालतीया, दुसरं काय!” भावजय नणंदेला पाठीशी घालते आहे, असं चित्र त्या देवळापुढं उभ्या जन्मात कुणी पाहिलं नसेल, पण ते सगळ्यांना चटकन पटलं. कडीची गोष्ट काही कुणाला पटली नाही. अक्काताई मागं सरली.

“पाला सिद्धाप्पानं पेटवला,” कुणीतरी कट्ट्याच्या टोकावरून म्हणालं.

महांतेश होता. तळहातावर तंबाखू मळत बसला होता आणि मान वर न करता बोलत होता. “ऊस गेलाय न्हवं त्याचा. खाली पाला पडलेला. बिडी टाकली आनि पेटवला. वारं फिरलं, ठिणग्या गेल्या चिपाडावर. मी बांधावर बसलतो. मग भुवया कशानं जळल्या त्याच्या?”

सगळ्यांचे डोळे सिद्धाप्पाच्या भुवयांवर गेले.

“दोन दिस का गप बसलतास मग?” आकाराम ओरडला.

“कुनी इचारलंच न्हाय.” महांतेशनं तंबाखू तोंडात टाकली. त्याचा आवाज दुखावलेला होता. “मी तिथंच हुतो की. मी बी त्याच दवाखान्यातनं आलोय. माझ्यावर संशय घ्यायचं एकाला बी सुचलं न्हाय व्हय? हिच्या आदी दोन वर्सं मी आलोय.”

मंडळी हसली. खरं तर त्यात हसण्यासारखं काय होतं? पण हसली, आणि एका क्षणात सगळ्यांना पटलं. शुद्धीवरच्या बाईनं कडीचं सांगितलं ते विरून गेलं आणि तीन माणसं फोडलेल्या पुरुषाचा शब्द कट्ट्यावर पक्का बसला. साक्षीदार कसा का असेना, बाप्या होता.

“वारं फिरलं बाबा,” सिद्धाप्पा खाली बघत म्हणाला. “चुकलं माजं, आकाराम.”

“वाऱ्याला कोन काय करनार?” आकारामनं त्याच्या पाठीवर थाप मारली. “छप्पर दोघं मिळून घालू. च्या आणा रे!”

चहा आला. बशीत ओतून भुरके मारताना विषय साखर कारखान्यावर गेला. एक चहा, तेवढ्यात सिद्धाप्पाची आग संपली. शिवलीला बघत राहिली. गोळ्या घ्यायला लागल्यापासून तिचा राग घशापर्यंत येऊन परत फिरत असे. आज तो परत फिरला नाही. ती उठली आणि भावाच्या समोर जाऊन उभी राहिली.

“अण्णा, मी बोचकं बांधत हुतो तवा तू दारात उभा हुतास.”

सिद्धाप्पाच्या हातातली बशी कलली. मग अगदी हळू, लहान पोरासारखा म्हणाला, “तूच म्हनालीस की, मीच लावली म्हनून.”

तिनं बोचकं उचललं आणि घरी गेली. वडगावला परत फोन करून खरं काय ते कळवावं, हे कट्ट्यावरच्या एवढ्या शहाण्या माणसांतल्या एकालाही सुचलं नाही. अक्काताईला सुचलं, तोवर बूथ बंद झाला होता.

रविवारी सकाळी घर फार गप्प होतं. सिद्धाप्पा पहाटेच रानात निघून गेला होता. शिवलीला परसात तांदूळ निवडत बसली. आपण आग लावली नाही, हे तिला कळलं होतं, पण कळणं आणि पटणं यांत तिच्या बाबतीत नेहमीच वर्ष दोन वर्षं जात. मधेच तिचे हात नाकाशी जात आणि ती ते परत सुपात आणी. आज रविवार, हे ती विसरायचा प्रयत्न करत होती. ऊन कोवळं होतं आणि आकारामच्या उरलेल्या अर्ध्या छपराखाली गुऱ्हाळ पुन्हा सुरू झालेलं, त्याचा वास येत होता. तिला पेंग यायला लागली.

बोळाच्या तोंडाशी एक मुलगी उभी होती. उंच, सावळी, कपाळ थेट सासूचं. शिवलीला तिच्याकडे शांतपणे बघत राहिली, झोपेत येणाऱ्या माणसांकडे बघायची तिला सवयच होती. मुलगी जवळ आली. तिच्या एका पायात चप्पल होती आणि दुसरी, अंगठा तुटलेली, तिनं हातात धरली होती. उघड्या पायाला शेण लागलं होतं. शिवलीलेच्या हातातलं सूप खाली पडलं. झोपेत येणाऱ्यांच्या चपला तुटत नाहीत.

“अव्वा?” मुलगी म्हणाली.

“कुनी सोडलं तुला?” एवढंच शिवलीलेच्या तोंडून निघालं.

“एकटीच. वाडीला दत्ताच्या दर्शनाला मैत्रिणींसंगं जातीया म्हणून सांगितलंय घरात.”

“फोन न्हाय मिळाला? मामाचा फोन?”

“मिळाला की.” रक्षितानं चप्पल खाली ठेवली. “पप्पांनी सांगितलं. तू परत आग लावलीस म्हणाले. आता जायचं नाही म्हणाले, कधीच.”

म्हणजे पोरीला खरं ठाऊकच नव्हतं. आग लावणाऱ्या बाईकडे ती तीन एसट्या बदलून आली होती. सांगायचं वाक्य कालपासून शिवलीलेजवळ होतं, पण ते तिनं अजून एकदाही उच्चारलं नव्हतं, मनात सुद्धा नाही.

“ती मी लावली हुती,” ती म्हणाली. “तुझी आज्जी गेली ती. ही न्हाय. ही मी लावली न्हाय, पोरी.”

“बरं,” रक्षिता म्हणाली.

तिनं कोण साक्षीला होतं ते विचारलं नाही. दार बंद होतं की उघडं ते विचारलं नाही. नुसतं बरं म्हणाली आणि सांडलेल्या तांदळाशेजारी भुईवर मांडी घालून बसली, आईच्या गुडघ्याला गुडघा लागेल इतकी जवळ.

“पर तुला तर लावली म्हनूनच सांगितलं हुतं,” शिवलीला म्हणाली. “मग आलीस कशी? भ्या वाटलं न्हाय?”

“वाटलं की. एसटीत बसूस्तोवर लई वाटत हुतं.” रक्षिता तांदळातली माती बोटानं वेगळी करत होती आणि मान वर करत नव्हती. “पण तुला आता परत दवाखान्यात न्हेतील म्हणाले. एकदा आत गेलीस की मग कवा बघायचं मी तुला? दहा वर्सं झाली अव्वा. लावली असलीस तर आजच यायला पाहिजे हुतं की.”

शिवलीला रडायला लागली. गोळ्यांच्या वरून, कालच्या रागाच्या वरून, मोठ्यानं, गल्लीला ऐकू जाईल असं. काय झालं म्हणून अक्काताई पिठाच्या हातांनी धावत बाहेर आली, आणि पोरीला बघून दारातच थांबली.